खिचडी खाणारा घोडा

श्रावणातल्या पावसात जुन्नरच्या एसटी स्टँडवर अडकलेल्या माणसाला कामं दोनच. चहा पिणं, आणि शिवनेरी दिसायला लागला का ते अधूनमधून बघणं. त्या दिवशी तो काही दिसेना. नारायणगावची गाडी ‘येईल’ एवढंच खिडकीतून कळलं होतं, आणि माझ्या फोनवर पंधराव्या शतकातल्या एका रशियन माणसाची टिपणं उघडी होती. याच गावाबद्दल त्यानं लिहिलंय की इथे चार महिने रात्रंदिवस सगळीकडे नुसतं पाणी आणि चिखल. हे वाचता वाचता मी पाय वर घेतले, कारण स्टँडातलं पाणी तोवर बाकाखाली आलं होतं.

हा माणूस म्हणजे अफानासी निकितिन. व्होल्गेकाठच्या त्वेर गावचा व्यापारी. माल घेऊन नदीनं खाली निघाला होता, अस्त्राखानजवळ तातारांनी लुटला. लूट झाल्यावर बरोबरच्या मंडळींची पांगापांग कशी झाली ते तो एवढ्यातच सांगतो: रशियात ज्याचं काही होतं तो रशियाला परतला, आणि ज्याच्या डोक्यावर देणं होतं तो डोळे नेतील तिकडे गेला. याच्या डोळ्यांनी याला दरबंद, बाकू, इराण करत करत होर्मुझला नेलं. तिथून एक घोडा घेऊन तो गलबतात चढला आणि सहा आठवड्यांनी चौलला उतरला. साल साधारण १४६९.

एक घोडा. मला या माणसाबद्दल जी आपुलकी वाटते ती या एका आकड्यापासून सुरू होते.

माझे आजोबा बैलांचे हेडी होते. बेल्ह्याच्या बाजारात त्यांची ऊठबस. गावोगावची जोडी हेरायची, घ्यायची, चार दिवस चारा घालून, शिंगं घासून बाजारात उभी करायची. ते म्हणायचे, एका जनावरावर जो बाजारात जातो तो व्यापारी नव्हे, जुगारी. दहा जनावरं असली तर एक आजारी पडतं, एक तोट्यात जातं, आठ तारून नेतात. एकच असलं तर त्याच्या खोकल्यानं तुमची झोप उडते. निकितिनची झोप वर्षभर उडालेली असणार. जुन्नरपर्यंत पोचेस्तोवर त्या घोड्यावर शंभर रूबल खर्च झाले, असा हिशोब त्यानं लिहून ठेवलाय.

पण घोडाच का? मिरी, वेलदोडे, मोती घ्यायला लोक हिंदुस्थानात यायचे हे आपण शाळेत घोकलेलं असतं. द्यायला काय आणायचे, ते फारसं कुणी सांगत नाही. दख्खनच्या हवेत चांगला लढाऊ घोडा पैदा होत नसे, आणि घोड्याशिवाय राज्य टिकत नसे. निकितिन सरळ लिहितो की या देशात घोडे जन्मत नाहीत, बैल आणि म्हशी-रेडे जन्मतात, बसायला तेच आणि माल वाहायलाही तेच. त्यामुळे अरबस्तान आणि इराणच्या किनाऱ्यावरून जो निघेल तो घोडे घेऊनच निघे, आणि परतताना गलबत कापड, मिरी, तांदूळ यांनी भरून नेई. बहामनी सुलतान घेत, विजयनगरचे राय घेत, त्यांच्याआधी यादवांनी आणि दक्षिणेत पांड्यांनीही घेतले. बहामनी आणि विजयनगर एकमेकांशी लढायचे, तरी दोघांच्या तबेल्यातली जनावरं एकाच समुद्रावरून आलेली.

या घोड्यांना खायला काय घालायचे, हे तर निकितिनची टिपणं वाचताना मी दोनदा वाचलं. हरभरे. आणि खिचडी शिजवून, त्यात साखर आणि तूप-तेल घालून. रशियन लिपीत त्यानं शब्द लिहिलाय ‘किचिरिस’. पोट बिघडलं की आपल्याला जे आई घालते ते इथल्या तबेल्यात घोड्याला गोड करून घालत होते. आजोबा असते तर म्हणाले असते, घाला, समुद्रापलीकडून आलेल्या पाहुण्याला ज्वारीचा कडबा कसा चालेल.

तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोनं पांड्यांच्या मुलखातली याहून वाईट अवस्था लिहून ठेवलीय. दरवर्षी हजारोंनी घोडे येत आणि वर्ष संपता संपता त्यातले थोडेच जिवंत उरत. सांभाळायचं कसं ते इथे कुणाला कळत नसे. पोलो असंही म्हणतो की परदेशी व्यापारी नालबंद आणि घोड्यांचे वैद्य मुद्दाम बरोबर आणत नसत, इथल्यांना ती विद्या मिळू देत नसत, म्हणजे दरवर्षी नवे घोडे खपत. खरंखोटं त्याला ठाऊक. पण मिक्सरचं भांडं बिघडल्यावर ‘त्याचे पार्ट येत नाहीत, नवीनच घ्या’ असं ऐकलेल्या कुणालाही हे पटायला हरकत नाही.

ठाण्याबद्दलची त्याची गोष्ट मला सगळ्यात आवडते. ठाण्याच्या राजाचं म्हणे समुद्री चाच्यांशी साटंलोटं होतं. त्यांनी येणारीजाणारी गलबतं खुशाल लुटावीत, सोनंनाणं, माल काय मिळेल ते ठेवून घ्यावं, राजा विचारणार नाही. अट एकच, घोडे सापडले तर ते राजाचे. कारण घोडे नसलेलं गलबत हिंदुस्थानाकडे येतच नाही, असं पोलो सांगतो. आज घोडबंदर रोडवरच्या ट्रॅफिकमध्ये उभं राहून त्या नावातला घोडा आठवतो कुणाला?

तर निकितिन चौलला उतरला. चौल आज अलिबागच्या पुढची सुपारी-नारळाच्या वाड्यांची गर्द सावली आहे. शेजारच्या रेवदंड्यात शाळेच्या आवारात निकितिनचं स्मारकही उभं केलेलं आहे. पण ज्या चौलात तो उतरला ते त्याच्या वेळीही जुनं होतं. त्याच्या साडेपाचशे वर्षं आधी, ९१६ साली, बगदादचा अल-मसूदी तिथे येऊन गेला. अरब त्या बंदराला सैमूर म्हणत. मसूदीनं लिहिलंय की इथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, कुणी सिराफचे, कुणी ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी इथेच लग्नं केली, घरं केली. इथे जन्मलेल्या त्यांच्या पोरांना ‘बयासिरा’ असं वेगळं नावही पडलं होतं. त्यांच्या आपसातल्या भांडणांचा निवाडा त्यांच्यातलाच एक प्रमुख करी, आणि त्याला नेमणारा राजा होता शिलाहार झंझ. सैमूरच्या राजाचं नाव मसूदीनं अरबीत जवळजवळ बरोबर उतरवलंय.

यामागे वारा होता. नैर्ऋत्येचा वारा जोरात सुटला की समुद्र बंद. मग ईशान्येचा वारा सुरू होईपर्यंत परतीची वाट नाही. आलेल्या माणसाला महिनेच्या महिने थांबावं लागे, आणि थांबलेल्या माणसाला भाकरी लागते, सावली लागते, माल ठेवायला वखार लागते, उधारी-उसनवारीला ओळखीचा सावकार लागतो, आणि मेला तर पुरायला जागा लागते. हे सगळं एका पावसाळ्यात उभं राहत नाही, पण शंभर पावसाळ्यांत राहतं. ‘मोसम’ हा शब्दही आपण त्या खलाशांकडून घेतला. कोळीवाड्यातल्या नाखवाच्या मागे फारसीतला ‘नाखुदा’, गलबताचा धनी, उभा आहे. बोटी हजारो मैल गेल्या म्हणून दूरचे देश जोडले गेले, असं आपण म्हणतो. मला वाटतं बोटी अडकून पडल्या म्हणून जोडले गेले.

निकितिन मात्र अडकला तेव्हा त्याचं इथे कुणी नव्हतं.

चौलहून पालीपर्यंत आठ दिवस, पालीहून उमरीला दहा, तिथून जुन्नरला आणखी आठवडाभर. घाट चढताना घोडा पुढे आणि हा मागे, की उलट, ते त्यानं लिहिलेलं नाही. जुन्नरला पोचला आणि पावसानं धरला. गावाजवळच्या किल्ल्याचं त्यानं केलेलं वर्णन वाचून मी पुन्हा ढगाकडे पाहिलं: खडकावरचं शहर, कुणी बांधलेलं नाही, देवानंच घडवलेलं, वर जायला दिवस लागतो, वाट इतकी अरुंद की एका वेळी एकच माणूस, दोघांना जाता येत नाही. हा शिवनेरी नसेल तर दुसरा कुठला असणार? शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला अजून एकशे साठ वर्षं होती.

जुन्नरचा अधिकारी होता असद खान. माणसांच्या खांद्यावरून फिरायचा, पदरी हत्ती आणि चांगले घोडे भरपूर असूनही. त्याला कळलं की हा परदेशी मुसलमान नाही, ‘रूस’ आहे. त्यानं घोडा काढून घेतला. म्हणाला, आमच्या धर्मात ये, घोडाही देतो आणि वर हजार सोन्याची नाणी देतो. नाही आलास तर घोडा माझा, आणि तुझ्या डोक्यावर हजार नाण्यांचा दंड. चार दिवसांची मुदत.

त्या चार दिवसांबद्दल निकितिन फार लिहीत नाही. उपासाचे दिवस होते, देवाचा धावा केला, एवढंच. मग एके दिवशी खुरासानहून आलेला खोजा महंमद नावाचा एक माणूस गावात आला. निकितिन त्याच्याकडे गेला, गयावया केली. तो गृहस्थ खानाकडे गेला, बोलला, आणि घोडा सोडवून घेऊन आला. काय बोलला, कोण जाणे. निकितिननं श्रेय देवाला दिलं. मी खोजा महंमदाला देतो. या सगळ्या प्रकरणात ज्याची चार माणसांत ओळख होती असा तो एकटाच दिसतो.

आणि निकितिनला हे लगेच कळलं असावं. पुढे बहामनींच्या राजधानीत, बिदरला, तो स्वतःचं नाव सांगत होता, खोजा युसूफ खुरासानी. रशियातल्या ख्रिस्ती भावांसाठी त्यानं टीप लिहून ठेवली की हिंदुस्थानात जायचं असेल तर धर्म रशियात ठेवून जा. लाज, राग आणि धंद्याचा सल्ला असं तिन्ही त्या वाक्यात आहे.

ज्याची ओळख होती त्याचं आयुष्य कसं जायचं, ते बघायचं असेल तर तीनशे वर्षं मागे आणि किनाऱ्यानं थोडं खाली, मंगळूरला जावं लागतं. बाराव्या शतकात तिथे अब्राहम बेन यिजू नावाचा ट्युनिशियाकडचा एक ज्यू व्यापारी राहत होता. त्याची पत्रं सापडली ती कैरोत, एका सिनेगॉगच्या अडगळीच्या खोलीत. देवाचं नाव ज्यावर असू शकेल असा कागद नष्ट करायचा नाही म्हणून ज्यू लोक तो तिथे टाकून देत. आपण जुन्या पोथ्या नदीत सोडतो. त्यांनी खोलीत टाकल्या, आणि कैरोच्या कोरड्या हवेनं त्या आठशे वर्षं राखल्या.

त्या पत्रांत राजेरजवाडे नाहीत. एडनचे व्यापारी बेन यिजूला साखर, मनुका आणि कागद पाठवतात, तो त्यांना मिरी, वेलदोडे, लोखंड पाठवतो. मंगळुरात त्याचा पितळेच्या भांड्यांचा कारखाना आहे. एडनहून फुटकी भांडी येतात आणि नवी घडवून परत जातात. त्यानं अशू नावाच्या इथल्याच एका दासीला १७ ऑक्टोबर ११३२ रोजी दास्यातून मुक्त केलं, त्याचं लेखी पत्र आहे. एडनचा मोठा व्यापारी मदमून त्याला कळवतो की अमक्या बनियाला आणि तमक्याला माझा सलाम सांग, मंगळूरहून एडनला गलबत पाठवत असतील तर मी भागीदारीत आहे. ज्यू, हिंदू, मुसलमान एका गलबतात पैसे घालतात आणि यात विशेष काही आहे असं लिहिणाऱ्याला वाटतही नाही.

एका पत्रात भांडण आहे. इथल्या एका मध्यस्थानं वेलदोड्यासाठी उचल घेतली आणि माल दिला नाही. एडनचा व्यापारी चिडून लिहितो: त्याला घाबरव. त्याला सांग की आमच्याकडे घेतलेलं देत नाही त्याला वाळीत टाकतात, आणि ऐकलं नाही तर तसं रीतसर पत्रच पाठवतो. एडनच्या ज्यूंनी वाळीत टाकलं तर मंगळूरच्या मध्यस्थाचं काय बिघडणार होतं? पण समुद्रापलीकडे ना कोर्ट, ना पोलीस. माणसाच्या नावाला बट्टा लागण्याची भीती, एवढंच एक हत्यार, आणि त्यावर सगळा व्यवहार.

आजोबांचा व्यवहारही तोच होता. सौदा उपरण्याखाली व्हायचा. घेणारा आणि देणारा समोरासमोर, हातावर कापड, आत बोटं. बाहेर गप्पा चालू, पाऊस कसा आहे, पोरगी कुठे दिली, आणि आत भाव. मी नऊ-दहा वर्षांचा असताना त्यांनी माझा हात उपरण्याखाली घेऊन शिकवलं. एक बोट धरलं तर एक, चार धरली तर चार, आख्खा पंजा म्हणजे पाच, आणि बोट मधल्या पेरावर दाबलं की अर्धा. मी विचारलं, चार म्हणजे चारशे की चार हजार? ते म्हणाले, ‘ते जनावराकडं बघून कळतं.’

कालिकतला १४१३ च्या पुढे चिनी आरमाराबरोबर आलेल्या मा हुआननं लिहिलंय की दलालाच्या देखत दोन्ही बाजूंनी एकमेकांचे हात धरले की भाव पक्का. मग तो महाग ठरो की स्वस्त, कुणी फिरवायचा नाही. पुढच्या शतकाच्या सुरुवातीला तिथेच गेलेल्या एका इटालियन प्रवाशानं कापडाखालची बोटंही पाहिली. बेल्ह्याच्या बाजारात मी जे शिकलो ते कुठून कुठे आलं होतं, की सगळीकडे आपोआपच उगवलं होतं, मला सांगता येणार नाही. चिनी, अरब, मलबारी, कुणाची भाषा कुणाला येत नाही, अशा ठिकाणी बोटं मात्र सगळ्यांना होती.

जुन्नरहून निकितिन बिदरला गेला. तिथे ज्याची सत्ता चालत होती तोही परदेशी व्यापारीच. महमूद गावान, इराणातल्या गिलानचा, १४५३ साली दाभोळला उतरलेला. आला व्यापाराला आणि झाला बहामनी राज्याचा वजीर. त्याची पदवीच होती मलिक-उत्-तुज्जार, व्यापाऱ्यांचा राजा. जुन्नरचा असद खान त्याच्याच हाताखालचा. निकितिनच्या टिपणांत तो ‘मेलिक-तुचार’ म्हणून येतो, दोन लाख फौज बाळगणारा आणि काफरांशी वीस वर्षं लढणारा, कधी हा त्यांना मारतो, कधी ते याला. १४७२ मध्ये या गावाननं विजयनगरकडून गोवा घेतलं. गोवा म्हणजे विजयनगरचं घोड्यांचं तोंड. ते दाबलं की पलीकडचं घोडदळ उपाशी. घोडे विकणाऱ्यांच्या जगातून आलेल्या माणसालाच हे इतकं नेमकं सुचलं असणार. त्याचा शेवटही व्यापाऱ्याच्या शेवटासारखाच झाला, १४८१ मध्ये, त्याचा शिक्का वापरून केलेल्या एका बनावट पत्रानं. पत्रात काय आहे ते नंतर. शिक्का तुझाच ना, असं सुलतानानं विचारलं. शिक्का त्याचाच होता.

दोघंही कोकणच्या बंदरांत उतरले. एक वजीर झाला. दुसऱ्यानं वर्षभर घोडा पोसला, त्याच्यावर ६८ नाणी घालवली आणि बिदरला विकून टाकला. नफा झाला असता तर आकडा लिहिला असता असं मला वाटतं. जमलेला सौदा हेडी चारचौघांत सांगतोच. आळंदच्या जत्रेतही तो जाऊन आला. बिदरपासून जवळच, शेख अलाउद्दीनच्या उरुसाला दहा दिवस बाजार भरायचा आणि वीस हजार घोडे विक्रीला यायचे. वीस हजारांत आपला एक धरून उभं राहायचं.

मग त्याचं ते चिडलेलं वाक्य येतं. ‘मला कुत्र्यांनी खोटं सांगितलं’, असं तो म्हणतो. इथे आमच्याकडे नेण्यासारखा माल भरपूर आहे म्हणाले, आणि आमच्या देशाजोगं इथे काहीच नाही. मिरी आणि रंग स्वस्त, पण जकाती फार आणि समुद्रावर चाचे फार. काहींना जकात माफ असते. आम्हाला कोण माफ करणार? सगळे रस्ते, सगळ्या सवलती कुणाच्या तरी होत्या, आणि तो कुणाचाच नव्हता. होर्मुझबद्दल त्यानंच लिहिलं होतं की जगात जे जे पिकतं ते ते इथे आहे, पण दहावा हिस्सा जकात.

शेवटी दाभोळला आला. मोठं बंदर, सगळ्या किनाऱ्यांची माणसं. होर्मुझपर्यंतचं भाडं दोन सोन्याची नाणी. वाऱ्यानं गलबत आफ्रिकेच्या किनाऱ्याला नेऊन घातलं, तिथल्या लोकांना तांदूळ, मिरी आणि भाकऱ्या देऊन जीव वाचवला. मग मस्कत, होर्मुझ, इराण, काळा समुद्र. घरी पोचला नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडे कुठेतरी मेला, आणि वह्या १४७५ मध्ये मॉस्कोला पोचल्या.

त्या वह्यांचा शेवट प्रार्थनेनं होतो. रशियन भाषेतल्या नव्हे. अरबी-तुर्की शब्दांची, बाजारात कानावर पडून पडून बसलेली, रशियन अक्षरांत लिहिलेली प्रार्थना. धर्म रशियात ठेवून जा म्हणणाऱ्या माणसाला परतीच्या वाटेवर देवाशी बोलायला हीच भाषा सापडली. तो मनातून काय होता यावर विद्वान वाद घालतात. मला तो वाद महत्त्वाचा वाटत नाही. सहा-सात वर्षं ज्या भाषेत माणूस भाव विचारतो तीच तोंडात राहते.

आजोबांना शेवटच्या वर्षी अर्धांगवायू झाला. बोलणं गेलं, उजवा हात शाबूत राहिला. मी पुण्याहून गेलो की खाटेशेजारी बसायचो, ते माझा हात धरायचे. पहिले काही दिवस मला वाटलं, माया. मग लक्षात आलं की ते बोटं मोजून धरतायत. एक, दोन, तीन, आणि चौथं मधल्या पेरावर दाबलेलं. पुन्हा तसंच. मी माझ्या बाजूनं तीन बोटं दाबली. त्यांनी मान हलवली, नाही, आणि परत साडेतीन धरले.

साडेतीनशे की साडेतीन हजार, विचारून उपयोग नव्हता. जनावर समोर नव्हतं.